उतरायचा ओटा

आमच्या घरात फरशीवर लाल टेपच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. एक पाऊलभर अंतर सोडून एक, अशा त्या हॉलमधून बेडरूमकडे आणि तिथून बाथरूमकडे जातात. कुणी पहिल्यांदा घरी आलं की पट्ट्यांवर पाय पडू नये म्हणून अंग चोरून चालतं. मग आई सांगते, पडू दे पाय, काही होत नाही, त्या ह्यांच्यासाठी आहेत.

बाबांना पार्किन्सन आहे. लोकांना वाटतं की त्यात हात थरथरतात. बाबांचे हात फारसे थरथरत नाहीत, त्यांचे पाय थांबतात. दाराच्या चौकटीत, वळताना, कुणी हाक मारली की मध्येच पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात. अंग पुढे निघालेलं असतं आणि पाय तिथेच असतात. पण समोर एखादी आडवी रेघ दिसली, तर ती ओलांडायला पाय आपोआप उचलला जातो. असं का होतं ते फिजिओथेरपीच्या बाईंनी आम्हाला नीट समजावलं होतं. मला ते समजलंही होतं. तरी बाबा एकेक पट्टी ओलांडत बाथरूमपर्यंत पोचतात तेव्हा मी हातातलं काम थांबवून बघत राहते.

त्याच बाईंनी एकदा जाता जाता सांगितलं की ज्यांना चालता येत नाही अशा काही पेशंटना सायकल मात्र चालवता येते, तेव्हा घरात व्यायामाची सायकल आणा. एवढं बोलून त्या चपला घालून गेल्या. बहुतेक त्या हे सगळ्यांनाच सांगत असाव्यात. पण बाबांनी ते वाक्य धरून ठेवलं.

बाबा मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात फिटर होते. मी लहान असताना आम्ही तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायचो. कारखान्यात जायला सायकल, कल्याणला बाजाराला सायकल, चतुर्थीला टिटवाळ्याला सायकल. पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून त्यावर मला बसवायचे. कारखाना बंद झाल्यावर आम्ही ठाण्याला वर्तकनगरमध्ये आलो, दुसऱ्या मजल्यावर. तिथे जिन्याखाली सायकलला जागा नव्हती, म्हणून बाबांनी ती खडवलीला त्यांच्या कारखान्यातल्या मित्राकडे ठेवली. मी त्यांना काका म्हणते. थोडे दिवस ठेव, असं बाबा त्यांना म्हणाले होते. ते थोडे दिवस माझी शाळा, कॉलेज आणि नोकरी लागेपर्यंत चालले.

माझी नोकरी घरूनच असते. परदेशातल्या हॉटेलांत राहायला जाणारे लोक चॅटवर प्रश्न विचारतात आणि मी टाइप करून उत्तरं देते. बोलावं लागत नाही म्हणूनच मी ती घेतली. फोनवर बोलायचं असेल तर मी आधी वाक्य मनात जुळवते, मग नंबर लावते, आणि पलीकडून कुणी उचलला नाही तर मला बरं वाटतं.

एकदा मेडिटरेनियन किनाऱ्यावरच्या एका छोट्या हॉटेलबद्दल एका बाईंनी विचारलं की तिथे सायकल ठेवायला बंद जागा आहे का. उत्तर दिल्यावर त्यांनी आभार म्हणून मला त्या भागातल्या एका रस्त्याच्या व्हिडिओची लिंक पाठवली. कुणीतरी हँडलला कॅमेरा लावून तासन्‌तास सायकल चालवली होती. निवेदन नाही, गाणी नाहीत. वारा, चेनचा आवाज आणि एका बाजूला समुद्र. आमच्याकडे तेव्हा व्यायामाची सायकल नुकतीच आली होती आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पॅडल मारत कंटाळत होते. मी सायकल टीव्हीकडे वळवली आणि तो व्हिडिओ लावला.

बाबांनी बराच वेळ पॅडल मारलं. मग म्हणाले, "चेन सुकलीय त्याची. आवाज ऐक."

तेव्हापासून ते रोज सकाळी चहा झाला की भूमध्य समुद्रावर जायला लागले. मी नवे नवे रस्ते शोधून ठेवायचे. एका बेटावरचा डोंगर चढत जाणारा, दोन्हीकडे दगडी बांध असलेला. ऑलिव्हच्या बागांतून गावात उतरणारा. एक इतका अरुंद की समोरून गाडी आली तर काय, असं वाटावं, पण समोरून कधीच काही येत नसे. खाली इंग्रजीत माहिती असायची, की हा रस्ता शांत आहे, इथे चढ इतका आहे, पुढे कोळ्यांचं गाव आहे. मी ती वाचून मराठीत सांगायला जायचे आणि अडायचे. बाबा हसायचे नाहीत, फक्त मला हवा असलेला शब्द पुरवायचे.

त्यांना त्या रस्त्यांचं कौतुक होतं आणि थोडा संशयही होता. माणसं कुठे गेली सगळी, असं विचारायचे. डोंगरावर एवढे बांध ज्यांनी रचले ते आता काय करतात? उतारावर सायकलवाला पॅडल थांबवायचा तेव्हा बाबा मात्र चालू ठेवायचे आणि म्हणायचे, आळशी आहे. चढावर ते पुढे वाकायचे, खरंच चढ असल्यासारखे. समुद्राकाठचं एक वळण त्यांना टिटवाळ्याच्या रस्त्याची आठवण करून द्यायचं. मला त्यात काही साम्य दिसलं नाही, पण मी मान हलवली.

आई स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत असायची. "अहो, इटलीहून येताना कोथिंबीर आणा," असं ती एकदा म्हणाली. दसऱ्याला तिने त्या सायकलला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि पुढच्या पायाखाली लिंबू ठेवलं. चाक नसलेल्या सायकलखाली लिंबू कसं चिरडणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, ठेवायचं असतं.

बाबांनी तोपर्यंत बाहेर सायकल चालवायचं काढलं नव्हतं. काढलं ते दिवाळीनंतर, आणि तेही मला सांगितलं, आईला नाही. टीव्हीवर रस्ता चालू होता. ते समोरच बघत म्हणाले, "एकदा खऱ्या रस्त्यावर. पाय चालतायत तोवर."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, त्यांना सांग की वेड लागलंय का. मी बाबांना सांगितलं की आई नको म्हणते. बाबा म्हणाले, तिला सांग की बाईंनी स्वतः सांगितलंय सायकल चालते म्हणून. मी ते सांगितलं. त्यावर आई म्हणाली, बाईंनी घरातली सांगितलीय. कितीतरी दिवस मी त्या दोघांच्या मध्ये ये-जा करत होते. दोघंही एकाच घरात, आणि मी दोघांनाही हो म्हणत होते. माझं स्वतःचं मत काय, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्यांनी जावं असं मला वाटत होतं आणि जाऊ नये असंही वाटत होतं.

मग एका सकाळी बाबा बाथरूमच्या उंबऱ्याजवळ पडले. शेवटची पट्टी पाण्याने सुटून आली होती. भुवईवर खोक पडली, टाके घातले. दवाखान्यातून आल्यावर आईने नवी टेप आणली, गुडघ्यावर बसून सगळ्या पट्ट्या पुन्हा चिकटवल्या, आणि उठता उठता माझ्याकडे न बघता म्हणाली, "ने त्यांना खडवलीला. पडायचंच आहे तर घरात पडतायतच की."

ती स्वतः आली नाही. मला बघवणार नाही, असं म्हणाली.

काकांना फोन बाबांनीच केला. आजाराने त्यांचा आवाज बारीक झालाय, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवून त्यांच्या तोंडाजवळ धरला. काका पलीकडून ओरडत होते. सायकल ठणठणीत आहे, टायर नवे घातलेत, तू फक्त ये. मग बाबा मला म्हणाले, त्याच्या घरापुढे ओटा आहे. ओट्यावरून सीटवर बसता येतं. सायकल उंच होती, दांडीची. पूर्वी ते डावा पाय पॅडलवर ठेवून, दोन-तीन उड्या घेत, धावत्या सायकलवर टांग टाकायचे. आता ते होणार नव्हतं. म्हणून ओटा. बसायचं कसं, यावर आम्ही खूप विचार केला. ओट्यावर कुठून चढायचं, सायकल कुणी धरायची, उजवा पाय दांडीवरून कसा न्यायचा, हे सगळं ठरवलं. उतरायचं कसं, यावर इतकंच ठरलं होतं की परत ओट्याशी यायचं आणि त्यावर पाय टेकायचा. काका तिथे उभे राहतील.

घरातल्या सायकलवरून बाबा कधी एकटे उतरलेच नव्हते. ती हलत नाही. आई एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, आणि ते खाली येतात. बाबांना एवढी सायकल येते म्हटल्यावर उतरणं हे वेगळं काम आहे, असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

आम्ही रविवारी सकाळी टॅक्सीने गेलो. भात कापून झाला होता आणि खाचरांत धसकटं उरली होती. हवेत गारवा होता. काकांचं घर गावाच्या टोकाला आहे. त्याच्यापुढे एसटी वळवायला मोकळी जागा आहे. तिथून सरळ रस्ता निघतो तो शाळेच्या मैदानापर्यंत जातो. मध्ये एक चहाची टपरी आहे. बाकी दोन्ही बाजूंना शेतं आणि लांबवर टेकड्या. गाड्या जवळजवळ नाहीतच.

काकांनी सायकल पुसून ओट्याला लावून ठेवली होती. बाबांकडे बघून ते क्षणभर थांबले, कारण त्यांनी बाबांना पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं. मग लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काय फिटर, एवढा वेळ लावतात का? सायकल म्हातारी झाली तुझी वाट बघून."

बाबा म्हणाले, "तुझ्यापेक्षा बरी दिसतेय."

"पाडलीस तर आधी सायकल बघीन, मग तुला."

आम्ही दोघांनी धरून बाबांना ओट्यावर चढवलं. काकांनी सायकल धरली, मी बाबांचा पाय दांडीवरून नेला. काकी दारातून म्हणाल्या की नवरदेवाला घोड्यावर बसवतायत जसं. माझ्यासाठी काकांनी शेजारच्या मुलीची लेडीज सायकल आणून ठेवली होती. मी सायकल कॉलनीच्या कंपाउंडमध्ये शिकले आणि तिथेच सोडली, पण ती सरळ रस्त्यावर मला चालवता येत होती.

काकांनी हलका धक्का दिला आणि बाबा निघाले.

मला वाटलं होतं की सुरुवातीला झोकांड्या जातील. एकही गेली नाही. पाठ सरळ, कोपर किंचित बाहेर, गुडघे एका लयीत. मी मागून बघत होते. घरात मी बाबांना नेहमी समोरून बघते, हात पुढे करून, ते पडतील या तयारीत. त्यांची पाठ कितीतरी दिवसांत मी बघितली नव्हती. टपरीवरच्या माणसांनी मान वर करून बघितलं. सायकलवर म्हातारा माणूस आणि मागे मुलगी, यात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी पुन्हा चहा घेतला. मला त्याचं फार बरं वाटलं. आमच्याकडे एकदा बघून लोकांनी पुन्हा आपापल्या कामाला लागावं असं बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं.

बाबांनी घंटी वाजवली आणि मान न वळवता डावीकडे हात केला.

"समुद्र बघ."

डावीकडे धसकटं होती आणि त्यांच्या पलीकडे वीटभट्टीचा धूर. मी म्हटलं, दिसतोय.

मैदानावर त्यांनी मोठा वळसा घेतला आणि आम्ही परत निघालो. घर दिसायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओट्यावर काका नाहीत. ओट्याला अगदी लागून एक मोटरसायकल उभी होती. नंतर कळलं की काकांच्या नात्यातले कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. पत्रिका द्यायला आलेल्या माणसाला दारात उभं ठेवत नाहीत. काका त्याला आत घेऊन गेले, अक्षता घेतल्या, कुंकू लावून घेतलं, चहा टाकला. आम्ही इतक्या लवकर वळून येऊ असं त्यांना वाटलं नव्हतं.

बाबांनी ओट्याजवळ वेग कमी केला. सायकल थोडी डगमगली. मग त्यांनी पुन्हा पॅडल मारलं, एसटीच्या जागेत गोल वळसा घेतला आणि परत मैदानाच्या दिशेने निघाले. मला वाटलं त्यांना आणखी एक फेरी हवी आहे. मला आनंदच झाला.

टपरीवर या वेळी एकाने हात वर केला. "मारा काका, मारा राउंड. अजून स्टॅमिना आहे."

बाबांचा चेहरा या आजाराने सपाट झालाय. आनंद झाला किंवा भीती वाटली तरी तो फारसा बदलत नाही. मी शेजारून बघत होते आणि मला त्यात काहीच दिसलं नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही घराशी आलो तेव्हाही मोटरसायकल तिथेच होती. बाबा पुन्हा वळले. शाळेकडे जाताना, स्टेशन चुकल्यावर माणूस शेजारच्याला सांगतो तशा आवाजात, ते म्हणाले, "अगं, मला उतरता येत नाहीये."

मी म्हटलं, ब्रेक मारा, मी धरते.

"पॅडल थांबलं की पाय थांबतील. खाली येणार नाहीत. तसाच आडवा पडेन." आणि थोड्या वेळाने, "तुला नाही पेलणार."

ते खरं होतं. सायकल जड, बाबा उंच, आणि मी. मी पुढे जाऊन मोटरसायकल हलवायला सांगावी, तर ते मागे एकटे राहणार. शेजारी राहावं, तर शेजारी राहून मी काय करणार होते? मी दोनदा पुढे गेले आणि दोनदा त्यांच्याजवळ परत आले. त्यांच्या गुडघ्यांची लय आता बदलली होती. प्रत्येक वळशाला पुढचं चाक किंचित जास्त वळत होतं. रस्ता तोच, शांत, रिकामा, दोन्हीकडे शेतं, जसा मी त्यांच्यासाठी रोज शोधत होते.

टपरीपाशी मी थांबले. एक पाय खाली टेकवला. तो इतका सहज टेकला की ते माझ्या लक्षात आलं.

बाकावर तीन-चार माणसं होती. मला ओरडायचं होतं आणि माझ्या तोंडून निघालं, "एक्स्क्यूज मी."

कुणी वळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग एक जण म्हणाला, बोला मॅडम.

"माझे वडील..."

"मस्त चालवतायत. कितीचे असतील?"

बाबा तेवढ्यात आमच्या समोरून गेले. या वेळी तिघांनी हात वर केले. एकाने टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "त्यांना उतरता येत नाही. त्यांना धरा."

"ब्रेक नाहीत?"

"ब्रेक आहेत."

"मग?"

त्या "मग"चं उत्तर मला माहीत होतं. चॅटवर कुणी विचारलं असतं तर मी ते नीट तीन ओळींत लिहिलं असतं. तिथे माझे ओठ हलले आणि काही आलं नाही. मी नुसता हात करून बाबांच्या पाठीकडे दाखवत राहिले. मग मला रडू यायला लागलं आणि त्यामुळेच बहुधा आवाज फुटला. मी ओरडले, "अहो धरा ना त्यांना, पडतील ते!" माझा इतका मोठा आवाज मी स्वतः कधी ऐकला नव्हता.

त्यांना कारण कळलं नाही, पण ते उठले. बाबा मैदानाकडून परत येत होते. दोघं पुढून आणि एक मागून धावला. एकाने हँडल धरलं, एकाने कॅरियर, आणि तिसऱ्याने बाबांना काखेत हात घालून वरच्या वर उचललं आणि रस्त्यावर उभं केलं. सायकल कुणीतरी बाजूला नेली. क्षणभर सगळे हसले, झालं काम म्हणून. उचलणाऱ्याने हात सोडले आणि बाबा तसेच्या तसे पुढे कलायला लागले, तेव्हा त्याने घाईने पुन्हा धरलं.

"चला काका. बसा टपरीवर."

बाबा हलले नाहीत. आत्तापर्यंत सायकल मारणारा माणूस, आणि त्याला दोन पावलं टाकता येईनात. माणसं त्यांच्या पायांकडे बघत होती. काहीतरी अडकलंय का, म्हणून एकाने वाकून चप्पल बघितली. दुसरा त्यांच्या तोंडाजवळ आला आणि मागे सरून शेजारच्याला हळूच म्हणाला, "सकाळी सकाळी घेतलीय काय?"

ते बाबांनीही ऐकलं. मला ते कळलं, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं.

रस्ता डांबरी होता, काळा, सपाट. त्यावर एकही रेघ नव्हती. टेप वर्तकनगरला होती. पट्ट्या लावायच्या आधी, अगदी सुरुवातीला, बाईंनी आम्हाला एक उपाय शिकवला होता. मी बाबांसमोर तोंड करून उभी राहिले, त्यांचे दोन्ही हात धरले, आणि माझं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवलं. त्यांनी ते बघितलं. पाय उचलला आणि ओलांडला. मी दुसरं ठेवलं. तेही ओलांडलं. मी उलटी चालत होते आणि दर पावलाला पाय आडवा टाकत होते. माझ्या पाठीमागे काय आहे ते मला दिसत नव्हतं. माझ्यासमोर बाबा, आणि त्यांच्या मागे ती सगळी माणसं, हातात चहाचे ग्लास घेऊन. लहानपणी शाळेच्या स्टेजवर जायचं असलं की मला ताप यायचा. या रस्त्यावर मी सगळ्यांसमोर हे असं नाचल्यासारखं करत होते आणि थांबता येत नव्हतं, कारण थांबले असते तर बाबाही थांबले असते.

काका आणि मागोमाग तो पाहुणा धावत आले तेव्हा आम्ही ओट्याकडे जाताना अर्ध्या वाटेवर होतो. त्यांच्या कपाळाला ओलं कुंकू होतं. त्यांनी मोटरसायकलवाल्या पाहुण्याला जे काही बोलायला सुरुवात केली, ते बाबांनी अडवलं. त्याला काही बोलू नकोस, एवढंच म्हणाले. काकांनी मला बाजूला सारून बाबांना उचलून न्यायचं म्हटलं, पण बाबांनी मान हलवली. म्हणून मग ओट्यापर्यंतचं अंतर आम्ही तसंच चाललो. टपरीवरच्या एकाने मागून आणलेली सायकल घेऊन काका शेजारून, पाऊल पाऊल.

ओट्यावर बसून आम्ही पोहे खाल्ले. काका म्हणत राहिले की पुढच्या खेपेला मी इथून हलणारच नाही, यमाने पत्रिका आणली तरी हलणार नाही. बाबा पोहे खात राहिले. निघताना त्यांनी सायकलच्या सीटवर हात ठेवला, थोडा दाबला, स्प्रिंग बघतात तसा.

"चेनला तेल घालत जा," ते काकांना म्हणाले.

काका म्हणाले, घालीन. मग ते घरात काहीतरी आणायला गेले आणि आमची टॅक्सी निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

घरी आई दारातच उभी होती. तिने आधी बाबांच्या कोपरांकडे, मग गुडघ्यांकडे बघितलं. कसं झालं, असं विचारलं. बाबा म्हणाले, रस्ता चांगला आहे. आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, टपरीवरच्या माणसाने काय म्हटलं तेसुद्धा. ती निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "पडले नाहीत ना?" आणि जुडी बाजूला ठेवून उठली.

त्यानंतर बाबांनी रस्त्याचं नाव काढलं नाही. टीव्हीसमोरची सायकल चालू आहे. चढावर पुढे वाकत नाहीत आता, आणि सायकलवाल्याला आळशी म्हणत नाहीत. कधी कधी मध्येच पाय मंदावतात. मग मी शेजारी बसून टाळी वाजवते, एका लयीत, आणि ते पुन्हा सुरू होतात. टाळीही पूर्वीपेक्षा जास्त वेळ वाजवावी लागते. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, होणारच.

मागच्या महिन्यात त्यांनी मला विचारलं की हा माणूस सायकलवरून कधी उतरतो का.

मी इतके दिवस ते व्हिडिओ लावत होते आणि माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मी सगळे शेवटाकडे नेऊन बघितले. कुणीच उतरत नाही. रस्ता गावात शिरतो, बंदर दिसतं, होड्या दिसतात, आणि चाक फिरत असतानाच चित्र काळं होतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी दुसरे शोधायला लागले. चढाचे, उताराचे, किनाऱ्याचे, बेटांचे. सगळे चालत्या सायकलवर संपतात. उतरण्याचा भाग ठेवण्यासारखा कुणाला वाटत नसावा.

शेवटी एक सापडला. समुद्रावरची टेकडी आहे, रस्त्याच्या कडेला बुटकी दगडी भिंत आहे. तिथे सायकल थांबते, बहुतेक पाणी प्यायला. कॅमेरा खाली झुकतो. डांबर दिसतं, त्यावर ऊन, आणि डावीकडून एक बूट येतो आणि टेकतो. नुसता टेकतो. मग हात येतो आणि कॅमेरा बंद होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो लावला. बाबा पॅडल मारत होते. बूट टेकला तसे त्यांचे पाय थांबले. ते पुढे वाकून बघत राहिले, यंत्र का चालत नाही हे बघताना वाकायचे तसे. आई दारात येऊन उभी राहिली, हात पुसत.

"परत लाव," बाबा म्हणाले.

मी मागे नेला आणि लावला. ऊन, डांबर, बूट.

"परत."

मी परत लावला.